खोडाळ्याची वाट, दोन वापरलेल्या गाड्या आणि आईंची अट

आमच्या घरात गाडीवरून वाद व्हायला कारण लागत नाही, पण या वेळी कारण खरंच होतं. भिवंडीजवळच्या राहनाळची आमची शेतजमीन गोदामांना गेली तेव्हापासून बाबांचा, म्हणजे माझ्या सासऱ्यांचा, घरात जीव रमत नव्हता. दोन वर्षांपूर्वी त्यांनी खोडाळ्याच्या अलीकडे डोंगराच्या पायथ्याशी थोडी भातशेती घेतली आणि यंदा जाहीर करून टाकलं, की पुढच्या पावसाळ्यात पेरणीपासून कापणीपर्यंत मुक्काम तिकडेच. त्यात गेल्या दिवाळीत त्यांच्या हृदयात स्टेंट बसलेला. मग आईंनी, म्हणजे सासूबाईंनी, अट घातली. तिथल्या घराच्या ओट्यापर्यंत भर चिखलात चारचाकी पोचली पाहिजे आणि बाबांना काही झालं तर त्यांना परत आणता आलं पाहिजे. नाही जमलं तर जमीन विकायची.

आता ती जमीन अशी, की डांबरी रस्ता संपल्यावर पुढे तीनेक किलोमीटर नुसती बैलगाडीची वाट, आणि मध्ये एक ओहोळ. तिथं अँब्युलन्स येण्याची बात सोडाच. त्यामुळे फोर बाय फोर, म्हणजे चारही चाकांना इंजिनचा जोर मिळणारी, गाडी हवी, आणि कोरी परवडणार नाही म्हणून वापरलेली, एवढ्यावर घरात एकमत झालं. पुढचं एकमत मात्र काही होईना.

माझा नवरा निलेश याचं मन चार वर्षं वापरलेल्या एका काळ्या युरोपियन गाडीवर गेलं होतं. चामड्याच्या सीटा, छताला काच, आणि बटण दाबलं की अख्खी गाडी वीतभर वर उचलली जाते. माझं मन बसलं एका हिरव्या जपानी गाडीवर. वय पंधरा वर्षं. तिच्या काळात तीही साहेबांचीच गाडी होती, म्हणून मखमली सीटा आणि कॅसेट प्लेअर, पण खाली ट्रकसारखी चासी आणि फोर बाय फोरचा वेगळा दांडा. माझं माहेर नाशिकचं. वडिलांच्या जीपवर हात बसल्यामुळे मला दांडा दिसला की बरं वाटतं. गंमत म्हणजे दोन्ही गाड्यांची किंमत जवळपास सारखीच होती.

दोन्ही गाड्या बायपासजवळच्या सलीमभाईंकडे उभ्या होत्या. पितृपक्ष चालू होता, त्यामुळे गाडी घ्यायला कुणी फिरकत नव्हतं आणि सलीमभाई माश्या मारत बसले होते. बाबांची त्यांची जुनी ओळख. दोन्ही गाड्या शनिवार-रविवार नेऊन बघा, म्हणाले. "भाभी, एक बात बोलू? पुरानी रास्ते में बिगडेगी, तो कोई भी ठीक कर देगा. नई जल्दी बिगडेगी नहीं, लेकिन बिगड गई तो कोई हाथ नहीं लगाएगा." निलेशला हे अर्धंच ऐकू आलं आणि मला उरलेलं अर्धं. सप्टेंबर संपत आला होता आणि पाऊस अजून पुरता गेला नव्हता, म्हणजे परीक्षेला हवा अगदी योग्य.

शनिवार

सकाळी सहाला निघालो, कारण सातनंतर राहनाळच्या गोदामांवर ट्रकची रांग लागते आणि मग घरातून बाहेर पडायलाच नाकी नऊ येतात. निलेश काळी घेऊन पुढे, मी हिरवी घेऊन मागे. आईंचा हुकूम होता की वाडा गावापर्यंत त्या आणि बाबा काळीत बसतील आणि वाड्यानंतर हिरवीत. "दोनीत बसून बघाची," असं त्यांनी आदल्या दिवशीच सांगून ठेवलं होतं.

अंबाडी नाक्यापर्यंतचा रस्ता कसा आहे ते तिकडून जाणाऱ्यांना सांगायला नको, आणि न जाणाऱ्यांना सांगून खरं वाटणार नाही. हिरवी प्रत्येक खड्ड्याची वर्दी थेट माझ्या मणक्याला देत होती. पुढे काळी मात्र पाण्यावरून चालल्यासारखी. नाक्यावर मिसळ आणि चहा घेतला, चौघांचे चारशेच्या आत भागले. बाबा काळीतून उतरले ते झोपेतून उठलेलेच होते. निलेश माझ्याकडे बघून हसला. मी मान दुसरीकडे वळवली.

कुडूस मागे पडलं आणि वाड्याला डिझेल भरलं. पुढचा पंप कधी येईल याचा भरवसा नाही, तेव्हा जाणाऱ्यांनी इथेच टाकी भरून घ्यावी. मोबाईलची रेंजही इथेच संपते. आई-बाबा हिरवीत आले. परळीच्या पुढे रस्ता वळणं घेत वर चढायला लागला आणि दोन्ही बाजूंना नागलीची, म्हणजे नाचणीची, वावरं आणि मध्ये मध्ये खुरासणीची पिवळी फुलं. आमच्याच जुन्या ठाणे जिल्ह्यात एवढी शांत जागा आहे हे भिवंडीत राहून विसरायला होतं. चढावर हिरवीचा एसी बंद करावा लागला, नाहीतर इंजिन तापत होतं. खिडक्या उघडल्या, त्यातली एक उघडली ती पुन्हा बंद झाली नाही. आईंनी डोक्यावरून पदर घेतला आणि बाबा खिडकीतून वावरं मोजत बसले. त्या वाऱ्यात त्यांची झोप पार उडाली होती.

डांबर संपलं तिथं आम्ही टायरमधली हवा कमी केली, म्हणजे चिखलात पकड मिळते. पहिला चढ निसरडा होता. मला वाटलं होतं काळी इथेच माती खाईल. पण चाक घसरलं की ती गाडी आपोआप त्याच चाकाला ब्रेक लावते आणि जोर दुसऱ्याला देते. निलेश एका दमात वर गेला. त्याच चढावर मी मात्र आडवी घसरले आणि तिसऱ्या प्रयत्नात वर पोचले. खोटं कशाला बोलू, मला हेवा वाटला. नव्या गाड्यांना ऑफ-रोडिंग जमत नाही असं जे आपण बोलतो, ते निदान चिखलापुरतं तरी खरं नाही.

मग ओहोळ आला. पाणी गुडघाभर, तळाशी डोक्याएवढे दगड. निलेशने बटण दाबून गाडी वर उचलली आणि आत घातली. मध्यावर पुढचं चाक दोन दगडांच्या खोबणीत उतरलं, काहीतरी खटकन वाजलं, समोरच्या पडद्यावर दिवे लागले, आणि सुस्कारा सोडावा तशी गाडी हळूहळू खाली बसली. पोट दगडांवर टेकलं. निलेश बटणं दाबत होता आणि गाडी त्याला प्रत्येक वेळी त्याच नम्र आवाजात काहीतरी इंग्रजीत सांगत होती.

शेजारच्या वावरातून चंदरदादा आले. बाबांच्या जमिनीला लागून त्यांची जमीन आहे, आणि यंदा दोघांनी मिळून भात लावलाय. "पाणी पियाला बसली काय गाडी?" त्यांनी विचारलं. निलेशसुद्धा हसला. दोर बांधून मी हिरवीने काळीला मागे ओढून काढलं आणि अलीकडच्या काठावर आंब्याखाली उभं केलं. मग दांडा टाकून, सर्वांत लहान गिअरमध्ये, हिरवी माणूस चालेल त्याहून हळू त्या दगडांवरून पलीकडे गेली. माझा जीव भांड्यात पडला.

गाडी घराच्या ओट्याला लावली. बाबा उतरले, चपला तिथेच काढल्या आणि सरळ बांधावर गेले. भाताला नुकत्याच लोंब्या फुटल्या होत्या. त्यांनी एक लोंबी हातात धरली आणि बराच वेळ तसेच उभे राहिले. राहनाळच्या घरात टीव्हीसमोर बसलेला माणूस तो हाच का, असा मला प्रश्न पडला. चंदरदादांच्या बायकोने, पारूबाईंनी, नागलीच्या भाकऱ्या केल्या आणि आम्ही भिवंडीहून नेलेले सुके बोंबील भाजले. मी जिंकले होते आणि ते चौघांनाही ठाऊक होतं. त्यामुळे त्या रात्री झोप छान लागली.

रविवार

चहा झाल्यावर मी आवराआवर करायला लागले, तर आई म्हणाल्या, "थांब गो. गाडी आली हितवर. पन मानसाला नेनार कशी, ते कुटं बघितलं?" आणि बाबांकडे वळून, "चल, आडवा हो मागच्या शीटवर."

आमच्याकडे आगरी घरांत अहो-जाहोचं प्रस्थ नाही. आई बाबांना तूच म्हणतात. लग्न होऊन आले तेव्हा मी दचकले होते, आता मला त्यातली माया कळते.

"मना काय झालंय आडवा व्हायला?" बाबा म्हणाले.

"झालं न्हाय. होईल तवा कसा होईल, ते बघू."

बाबा हसत हसत आडवे झाले. डोकं आईंच्या मांडीवर, गुडघे दुमडलेले. मी गाडी काढली. आरशात मला आईंचा एक हात बाबांच्या छातीवर दिसत होता आणि दुसऱ्या हाताने त्यांनी खिडकीवरची मूठ घट्ट धरलेली. पहिल्या दोनशे पावलांतच बाबांचं हसू मावळलं. हिरवीच्या चाकांवरच्या स्प्रिंगच्या पाट्यांना दया-माया नव्हती. "हलू, वैशाली, हलू!" आई ओरडत होत्या, पण त्याहून हळू चालवलं तर गाडी बंद पडत होती. ओहोळात एक असा दणका बसला की बाबांचं डोकं दाराला आपटलं. खरंच काही झालं असतं तर, हा विचार तोपर्यंत मी केलाच नव्हता.

आंब्याखाली आईंनी त्यांना उतरवून काळीत झोपवलं. रात्रभर उभी राहून काळी शुद्धीवर आली होती. एका किल्लीत सुरू झाली, दिवेही गेलेले. निलेशने डांबरापर्यंत नेली. बाबा म्हणाले, "ही बरी." पोटातलं पाणी हललं नव्हतं त्यांचं.

"दोन्ही घेऊ," निलेश म्हणाला. "एक ओहोळाच्या अल्याड, एक पल्याड."

आई हसल्या नाहीत. रस्त्याच्या कडेला उतरून त्यांनी दोन्ही गाड्यांकडे बघितलं आणि निलेशला विचारलं, "यातली कंची बी घेतली, तरी ती ऱ्हानार कुटं?"

"घरी. राहनाळला."

"आन यो तुजा बापूस हितं. फोन लागत न्हाय. लागला तरी तू येशील तीन तासांनी. मंग गाडी कंची का असंना, काय उपेग?"

दोन महिने आम्ही टायर, इंजिन, चासी, बटणं यांवर रात्रीच्या जेवणात भांडलो होतो. बाबांना गाडी चालवता येत नाही. चंदरदादांनाही नाही. गाडी तिथं ठेवली तरी चालवणार कोण, हा साधा प्रश्न आमच्यापैकी कुणालाच सुचला नव्हता.

बाबा काळीच्या सीटवर उठून बसले होते. ते शांतपणे म्हणाले, "तुमी सगली मना परत आनाची गाडी शोधताव. मना तिकडं न्यायची गाडी पायजे. काय होयाचं ते तिथंच होऊ दे."

पाऊसपाण्याबद्दल बोलावं तसं ते बोलले. निलेश पंप काढून टायरमध्ये हवा भरायला बसला. आई हिरवीत येऊन माझ्या शेजारी पुढच्या सीटवर बसल्या. अंबाडी आल्यावर एकदम म्हणाल्या, "या गाडीचा क्लच जड हाय का गो?" मी म्हटलं, जडच आहे थोडा. त्यांनी मान हलवली.

घरी आल्यावर

तुमच्यापैकी जे गाडी बघतायत त्यांच्यासाठी माझं मत सांगून टाकते. लांबचा डांबरी रस्ता आणि थोडाच चिखल असेल तर नवी घ्या, अंग ठणकणार नाही. दगड, पाणी आणि वस्तीपासून लांब जायचं असेल तर जुनी घ्या, पण आधी खाली झोपून चासीचा गंज बघा आणि सुटे भाग कुर्ल्याच्या भंगार बाजारात मिळतात का ते विचारून ठेवा. पाठीला जपणाऱ्यांनी पाटे आणि शॉक अब्सॉर्बर बदलायचा खर्च धरूनच भाव करावा. आम्ही तेच केलं. नवरात्र बसल्यावर हिरवी घरी आली आणि आता ती आधीच्या निम्मेच दणके देते.

जमीन विकायचा विषय मात्र आईंनी पुन्हा काढला नाही. दसऱ्यानंतर एका रविवारी सकाळी त्या चहाचा कप ठेवून म्हणाल्या, "चल, मना गाडी शिकव." वय एकसष्ट. मला वाटलं थट्टा करतायत. पण त्या शिकाऊ परवान्यासाठी फोटोसुद्धा काढून आल्या होत्या.

तेव्हापासून दर रविवारी ट्रक नसतात तेव्हा आम्ही गोदामाच्या आवारात जातो. आई लुगड्याचा काष्टा घट्ट करतात, पाठीमागे उशी घेतात आणि क्लच पायाने असा दाबतात, जणू त्याच्याशी जुनं वैर आहे. गाडी बंद पडते. पुन्हा सुरू करतात. मागच्या रविवारी त्यांनी पहिल्यांदा दुसरा गिअर टाकून आवाराला पूर्ण फेरी मारली आणि मग घाम पुसत थांबल्या.

मला राहवलं नाही. मी विचारलं, "आई, पण बाबांना तर परत यायचंच नाहीये. ते म्हणाले ना, काय व्हायचं ते तिथंच होऊ दे. मग हे सगळं कशाला?"

आईंनी स्टिअरिंगवरचा हात काढला नाही.

"त्याचा त्यानं सांगितला. मना कोनी इचारलं? मी पन जानार तिकडं, दोन मानसांचं रांधीन, भात लावीन. पन त्याला काय झालं, तर त्यो नको नको बोलंल आन मी त्याला मागं आडवा घालीन आन घेऊन येईन." त्यांनी किल्ली फिरवली. "त्याला तिथं मरायचं असंल. मना त्यो घरी पायजे."