मोरंब्यामागची बाटली

हसणार नसाल तर सांगते. आणि तेवढा चहा संपवा आधी, नाहीतर अंगावर सांडेल!

मी अकोल्यात शाळेत विज्ञान शिकवते. 'भूतबित, करणीबिरणी काही नसतं' हे पोरांना सांगून सांगून घसा बसला माझा. अशा बाईचं मे महिन्याच्या भर दुपारी काय व्हावं?

आमची दुपार माहीत आहे ना? रस्त्यावर कुत्रंसुद्धा दिसत नाही. त्यात लाईट गेलेली, कूलर बंद, घर चिडीचूप. पाणी प्यायला उठले, तर स्वयंपाकघरात माझी सून रश्मी फोनवर कुजबुजत होती.

"रक्त माह्यंच हाये, पाळीचं. आईले पत्ता नाही लागू देला... हो, जित्त्या हायेत नं! वाढतात, एकीच्या हजार होतात. उंदरावर करून झालं, आता माणसावर."

सर्रकन काटा आला! आमच्या जुन्या बाया पाळीचं कापड कुणाच्या नजरेस पडू देत नसत. का? त्यानं करणी करतात म्हणून! आणि जित्त्या कोण? माणूस कोण? घरात तर मीच होते!

रश्मी गच्चीवर कुरड्या पालटायला गेली. मी फ्रीज उघडला. मोरंब्याच्या बरणीमागे छोटी बाटली, आत काळसर लाल. तेवढ्यात लाईट आली, फ्रीज गुरगुरला, आणि शप्पथ सांगते, बाटलीत काहीतरी हललं! फ्रीजच हादरला होता, हे नंतर लक्षात आलं.

बाटली उचलली, मीठ-मोहऱ्या घेतल्या, लिंबू घेतलं आणि निघाले चौफुलीवर. अनवाणी! विज्ञानाची बाई! सगळं रस्त्यावर ओतून दिलं, वर लिंबू चिरून टाकलं. उतारा टाकला की मागे वळून पाहायचं नसतं, एवढं मात्र पक्कं पाठ.

घराकडे वळले, आणि मागून हाक आली. "आई! ओ आई!"

हुबेहूब सुनेचा आवाज! पण सून तर गच्चीवर. मग हे कोण? मी ओ दिली नाही. धावतच घर गाठलं, कडी लावली. दार धडधड वाजायला लागलं. मी देवाचं नाव घेत उभी.

"आई, दार उघडा नं! तुमाले बाटली नेताना गच्चीवरून पाह्यलं, मांगच्या गल्लीनं अनवाणीच धावली, पाय भाजून राहिले माहे! बाटली कुठी हाये? अमरावतीले लॅबमंधी न्यायची हाये!"

भूत लॅबमध्ये कशाला जाईल? कडी काढली. घामानं डबडबलेली खरीखुरी रश्मी!

"पाळीच्या रक्तात जित्त्या मूळपेशी असतात, आई. संशोधनासाठी देऊन राहिली मी. लॅबमंधी वाढवता येतात. पुढं जखमा भराले, तुमच्या गुडघ्यालेबी कामी येऊ शकतीन. अजून संशोधनच चालू हाये."

"मंग मले कावून नाही सांगितलं?"

"तुमाले विटाळ वाटंल म्हून."

तिचे डोळे भरले. आता महिनाभर थांबावं लागणार होतं तिला. भरपाई म्हणून माझं देते म्हणावं, तर माझं दुकान बंद होऊन किती वर्षं झाली! इतकी लाज मला कधी वाटली नव्हती.

पुढच्या महिन्यात फ्रीज उघडला, तर मोरंब्यामागे नवी बाटली. तिच्या गळ्यात लिंबू-मिरची बांधलेली.

"हे काय वं?"

"कुलपापेक्षा पक्कं हाये, आई."

आणि खरं सांगू? तेव्हापासून मोरंबा काढायलासुद्धा मी तिलाच हाक मारते!