काहीच न सापडल्याचा आनंद

"मॅडम, झकास बातमी! काहीच सापडलं नाही!" डॉक्टर करंदे हसत हसत लायब्ररीत शिरले.

मुलुंडच्या एका हॉस्पिटलात मी लायब्रेरियन आहे. लोकांना वाटतं, लायब्ररी म्हणजे एसीत डुलकी काढायची जागा. ती आहेच. पण संशोधन करणाऱ्या डॉक्टरांना आधी झालेले अभ्यास शोधून देणं, हेही माझं काम. त्याला आम्ही लिटरेचर सर्च म्हणतो.

डॉक्टरांना मधुमेहींच्या पायाच्या जखमेवर एका जेलची ट्रायल करायची होती. दुसऱ्या दिवशी एथिक्स कमिटी, म्हणजे अशा प्रयोगांना परवानगी देणारी मंडळी, बसणार होती. 'असा अभ्यास पूर्वी झालेला नाही' एवढं एक वाक्य त्यांना माझ्याकडून हवं होतं.

"काय टाकून शोधलंत?"

"जेलचं नाव."

म्हणजे इथल्या मेडिकलमध्ये मिळतं ते नाव! परदेशातले डॉक्टर त्या नावाने कशाला लिहितील? मी जेलच्या आतलं औषध टाकलं, अशा जखमेची पुस्तकी नावं टाकली. पेपरांचा ढीग निघाला. त्यातली एक ट्रायल अर्ध्यावर थांबवलेली होती. जखमा चिघळल्या होत्या.

"वाट लागली," डॉक्टर म्हणाले. "हा पेपर नसता सापडला तर चाललं नसतं का?"

"तुम्हाला चाललं असतं. पेशंटचं काय?"

मला संताप आला होता. नाहूरला आमच्या बिल्डिंगमधल्या परबकाकी याच ट्रायलची वाट बघत होत्या.

डॉक्टरांनी कपाळाला आठ्या घालत पेपर पुढ्यात ओढला. पण माणूस वाचणारा. पेपर संपवून म्हणाले, "ज्यांच्या पायात रक्त नीट पोचत नव्हतं, त्यांचंच बिघडलंय. आधी ते तपासू, तसे पेशंट वगळू." हे माझ्या लक्षातच आलं नव्हतं.

कमिटीने डॉक्टरांच्या सखोल अभ्यासाचं कौतुक केलं. लायब्ररीला एसी कमी वापरायचा निरोप आला.

ट्रायल सुरू झाली. तपासणीत परबकाकी वगळल्या गेल्या. पेपर मी शोधला, हे डॉक्टरांनी मोठ्या मनाने त्यांना सांगितलंही. काकींनी मला जिन्यातच गाठलं.

"काय गो, माका फुकटात औषध गावणार होता. ता पण तू घालवलंस!"

"काकी, पाय वाचला तुमचा."

"माझ्या पायाक काय झाला असता?"

टळलेलं संकट कोणाला दाखवता येत नाही. काकींची जखम साध्या ड्रेसिंगने हळूहळू भरतेय. रोज सकाळी त्या माझ्या दारावरून तोंड फिरवून जातात, स्वतःच्या दोन्ही पायांवर.