खालच्या कप्प्यातल्या ताटल्या

प्रयोगशाळेत त्यांना सगळे टाकाताई म्हणत, अगदी तोंडावर. सत्तावीस वर्षं त्यांचा एकच खाक्या होता. द्रावण गढूळ दिसलं, बाटलीवरची तारीख पुसट झाली, की ताई म्हणणार, "टाका." तिथे साहेबाचीही गय नव्हती.

त्यांचं काम पेशी वाढवायचं. पेशीत मायटोकाँड्रिया नावाची इवली वीजघरं असतात आणि त्यांतल्या प्रथिनांची घडी नीट बसलेली लागते. घडी बिघडली तर मदतनीस प्रथिनं ती पुन्हा घालून बघतात. नाहीच जमलं तर दुसरी, कात्रीसारखी प्रथिनं त्या बिघडलेल्या प्रथिनाचे तुकडे करून मोकळी होतात. "म्हणजे तुझ्यासारखीच," असं नवरा एकदा म्हणाला होता. ताईंना ते मनापासून आवडलं होतं.

प्रयोगशाळेत पीएचडी करणाऱ्या एका मुलीने एक औषध शोधलं होतं. ते दिलेल्या पेशींत बिघडलेल्या प्रथिनांचा ढीग निम्म्यावर यायचा, सहापैकी सहा वेळा. शुक्रवारी प्रबंध द्यायचा होता, नाहीतर वर्ष वाया. मुलगी हवेत होती आणि ताईही, कारण पेशींच्या ताटल्या त्यांनीच सांभाळल्या होत्या.

मंगळवारी, पेशींच्या ताटल्या उबेत ठेवायची ऊबपेटी पुसताना ताईंच्या हाताला दाराचं रबर लागलं. खालच्या बाजूला ते फाटलं होतं. पेटीवरचा आकडा वरच्या कप्प्याचा, सदतीस अंश. त्यांनी खाली थर्मामीटर ठेवला, तर पस्तीस. ऊब कमी असली की घड्याही कमी बिघडतात. मग ढीग औषधाने घटला की गारव्याने, हे सांगणार कोण? कारण सरमिसळ नको म्हणून औषधाच्या ताटल्या त्या न चुकता खालीच आणि बिनऔषधाच्या वर ठेवत आल्या होत्या.

गप्प बसल्या असत्या तर कोणाला पत्ताही लागला नसता. तासभर त्या धुतलेल्याच बाटल्या धूत राहिल्या. मग त्यांनी मुलीला बोलावून रबर दाखवलं.

"चूक माझी आहे. सहाही वेळा औषध मीच खाली ठेवलं."

मुलीने थर्मामीटर उचलून आकडा पुन्हा वाचला. तिचे डोळे भरून आले होते.

"मग टाकायचं, ताई?"

तो शब्द काही केल्या ताईंच्या तोंडून निघेना. शेवटी मुलीनेच शुक्रवारचा नाद सोडला, प्रबंधातलं ते प्रकरण पुसलं, कपाटातून कोऱ्या ताटल्या काढल्या आणि त्यांच्यासमोर ठेवल्या.

"या वेळी औषध वर ठेवा."