उद्या सामानापाशी मी बसणार नाही

बायांनो अन् भाऊहो, मी सांगून राह्यली अन् माही नात पूजा फोनवर लिहून राह्यली. मले लिहिता येत नाही, पण बोलायले कोनाच्या बापाले भेत नाही.

उद्या आम्ही सारे नागपूरकडच्या मोठ्या पार्कात चाललो. उंच पाळणे, पाण्याच्या घसरगुंड्या! घरातल्या कोनीच अजून पाह्यलं नाही.

आज संध्याकाळी सून पुऱ्यांची कणीक मळता मळता म्हणाली, "आत्याबाई, तुम्ही सामानापाशी बसजा."

पोरगा लहान असताना कळंबच्या जत्रेले गेलो, तवापासून हेच काम माह्याकडं. सारे फिरतात, मी सतरंजीवर डबे राखतो.

तेवढ्यात पोरानं पार्कात फोन लावला. तिथला माणूस म्हणाला, "बाहेरचं खाणं आत चालत नाही. बॅगा कपाटात कुलूप लावून ठेवा."

सुनेचे हात कणकीतच थांबले.

मी म्हणलं, "डबा नाही, सामान नाही. मंग राखू काय, तुह्या नवऱ्याले?"

पूजा ओरडली, "आजी, तू माह्यासंग पाळण्यात बसजो!"

पोरगा म्हणे, "माय, चक्कर येईन तुले."

"जत्रेले जाताना बैलगाडीत कोन ओकत होतं रे? तू का मी?"

त्या पुऱ्या आम्ही आजच खाल्ल्या.

इतक्या जत्रा झाल्या, पण वरून जत्रा कशी दिसते हे मले ठाऊक नाही. तुमच्या घरी सामानापाशी कोन बसते? त्याले कधी विचारलं काय, पाळण्यात बसतं का म्हणून?

अन् कोनी बसलं असन तर लवकर सांगा, पाळणा वर गेला का पदर हातात धरू का दातात?