चिंचेनं धुतलेला कुंभ

हनोख अष्टमकरला भिलाईत सगळ्यात जास्त वीट कशाचा आला असेल, तर "तुम्ही नेमके कोण?" या प्रश्नाचा. पेणकडचा बेने इस्रायली, म्हणजे कोकणातला ज्यू माणूस, आईच्या दुधाबरोबर मराठी प्यायलेला. पोलादाचा कारखाना उभा राहत होता तेव्हा क्रेन चालवायला आला. शनिवारी घरात चूल पेटत नाही म्हणून कोणी त्याला पारशी ठरवी, कोणी मुसलमान. सांगून सांगून बिचाऱ्याच्या घशाला कोरड पडे.

मग तो नाणं काढी. वडील पहिल्या महायुद्धात पलटणीबरोबर जेरुसलेमला गेले होते, तिथून आणलेलं, काळंकुट्ट. "बघा, राजाचं तोंड नाही. आमच्यात मूर्ती चालत नाही. हा जेरुसलेमच्या आमच्या जुन्या मंदिरातला कुंभ, मागे द्राक्षाचं पान, भोवती हिब्रू अक्षरं. दोन हजार वर्षांपूर्वी रोमनांशी लढताना आमच्या लोकांनी पाडलेलं."

"पान पिंपळाचं हाये न जी?" लोक विचारत. डोकं आपटावं भिंतीवर!

एका वर्षी त्याच्या लेकीचं, लेआचं, लग्न झालं. दिवाळीनंतर ती नवऱ्याबरोबर इस्रायलला निघणार होती. नाणं तिच्याबरोबर परत जाणार, एवढा एकच हट्ट हनोखने धरला होता.

आणि दिवाळीत शेजारची ठकूबाई दारात. "भाऊ, तुमच्या नाण्यावर कलश हाये. लक्ष्मीपूजनाले एक रात द्या न मले."

"ठकूबाई, तो तुमचा कलश नव्हे हो!"

"असू द्या न. देवाचाच हाये का नाई?"

पुन्हा पहिल्यापासून सांगायचं? हनोखला नुसता वैताग आला. "घ्या," म्हणाला, आणि दार लावलं.

पाडव्याला सकाळी ती चिवड्याच्या ताटलीत नाणं ठेवून आली. कुंकवाचं बोट लावलेलं, नव्या पितळेसारखं चकचकीत.

"कावून एवढं काळं ठेवलं होतं जी? देवाची भांडी घासली, त्यातच चिंच अन् राख लावून हेबी चांगलं रगडलं!" तोंडभर हसली माउली.

हनोखने कुंकू पुसलं, अंगठा फिरवला. अक्षरं नाहीत. कुंभ नाही. उलटं केलं, पानही नाही. तळपायाची आग मस्तकात गेली. पण त्या हसऱ्या तोंडावर ओरडायचं तरी काय? आणि दिलं कोणी होतं? त्यानेच.

ठकूबाई गेल्यावर लेआने नाणं हातात घेतलं. रडू आवरत म्हणाली, "बाबा, तिथे कुणी विचारलं, यावर काय आहे, तर काय सांगू?"

जन्मभर हेच सांगत आलेला माणूस. सवयीने त्याने नाण्याकडे बोट नेलं, पण ठेवायला जागा सापडेना.

"सांग," तो म्हणाला, "भिलाईत बापाला सांगायचा कंटाळा आला."