बांधातलं भोक

आमची शेती सूर्यमाळच्या उतारावर, भाताची खाचरं एकाखाली एक. सगळ्यात वरचं काकाचं, त्याखालचं आमचं. डोंगरातलं पाणी आधी त्याला मिळतं, मग आम्हाला. खालच्यानं मागायचं आणि वरच्यानं स्वतःच्या हातानं बांधाला तोंड पाडून द्यायचं, ही आमच्याकडची रीत. दुसऱ्याच्या बांधाला आपण होऊन कुदळ लावायची नाही.

आता बाबा आणि काका, सख्खे भाऊ, कित्येक वर्षं एकमेकांशी बोलत नव्हते. कारण काय, तर काकाच्या बैलानं आमचं रोप खाल्लं. तो बैल केव्हाच मेला, अबोला मात्र धडधाकट. मी जव्हारला शाळेत शिकवते. आवणीला, म्हणजे भात लावायला, रजा काढून घरी येते आणि आल्या आल्या मला निरोप्या करतात. "सांग तुझ्या काकाला, पाणी सोड म्हणावं." काका तिथंच चार हातांवर उभा, सगळं ऐकत असतो.

गेल्या वर्षी ऐन आवणीत पावसानं दडी मारली. रोप उपटून मुठी बांधून झालेल्या आणि आमच्या खाचराला भेगा पडायला लागलेल्या. उद्यापर्यंत लावलं नाही तर रोप जाणार, आणि त्याबरोबर वर्षाचा भात. मी साफ सांगितलं, या वेळी मी जाणार नाही, तुमचं तोंड काय शिवलंय? आई आत भांडी आपटत होती. मला दोघा भावांचा सारखाच राग आला होता.

सकाळी आम्ही खाचरावर गेलो, तर काकाच्या बांधातून पाण्याची बारीक धार आमच्याकडे येत होती. खेकड्यानं भोक पाडलेलं. बाबांनी काय करावं? खाली बसले आणि चिखल कोंबून ते बुजवलं. गळता बांध दिसला की बुजवायचा, मग तो कुणाचा का असेना, ही आमच्या माणसांच्या हाताची सवयच. मी कपाळाला हात लावला. थोड्या वेळानं पाहिलं तर धार पुन्हा सुरू. बाबांनी पुन्हा बुजवलं. "खेकडा मोठा दिसतोय," म्हणाले.

पुन्हा धार लागली. बाबांनी परत चिखल उचलला, तेवढ्यात काका वरच्या मोहाच्या झाडामागून बाहेर आला. त्याचे हात कोपरापर्यंत चिखलानं माखलेले.

"दादा, सारखं बुजवतोस काय? तुझ्यासाठीच उघडतोय मी."

बाबांच्या हातात चिखलाचा गोळा तसाच राहिला. "तुझा बांध फुटेल ना."

"फुटला तर घालू दोघं मिळून."

मी बांधावर बसून रडायलाच लागले. आई मुठींची टोपली घेऊन आली आणि माझ्यावरच ओरडली, की पाणी आलंय, रोप सुकतंय, आणि ही बसलीये.