बर्फ खोटं बोलत नाही

पारेवाल्यांना त्यांच्या खऱ्या नावानं हाक मारणारं तपासणी केंद्रात आता कुणी उरलं नव्हतं. सव्वीस वर्षं ते एकच काम करत आले होते: काचेचे थर्मामीटर खरं बोलतात की नाही ते बघायचं. रुंद तोंडाच्या थर्मासमध्ये शुद्ध पाण्याचा बर्फ ठेचून भरायचा, त्यात थर्मामीटर उभा करायचा. पारा शून्यावर थांबला तर शिक्का, नाही तर माल परत. "माणूस खोटं बोलेल, काच बोलेल, बर्फ खोटं बोलत नाही," हे त्यांचं ठरलेलं वाक्य.

त्या दिवशी मात्र त्यांचं कामात लक्ष नव्हतं. लेकीनं भौतिकशास्त्राची पदवी घेतली होती आणि आता पुढं तिला तत्त्वज्ञान शिकायचं होतं. अर्जावर पालकांची सही लागत होती, आणि आज शेवटचा दिवस. आदल्या संध्याकाळी काम चालू असतानाच तिचा फोन आला, तेव्हा त्यांनी फाडकन सुनावलं होतं, "शास्त्र सोडून तोंडाची वाफ दवडायला चाललीस?" आणि तसेच तणतणत घरी गेले होते.

अकराच्या सुमारास लेक डबा घेऊन दारात.

"डबा मी सकाळीच आणलाय," पारेवाले म्हणाले.

"माहितेय. ही लाच आहे."

नोंदवहीवाल्या ताई खोकं बांधत होत्या. नव्या मालातले बाराच्या बारा थर्मामीटर शून्याच्या खाली तीन दशांश दाखवत होते.

"सगळेच नापास?" लेकीनं विचारलं.

"एकाच कारखान्यातले. सगळ्यांना एकच खोड."

"कशावरून?"

"बर्फावरून."

"आणि बर्फ शून्यावर आहे, हे कशावरून?"

"शुद्ध पाण्याचा आहे म्हणून."

"शुद्ध आहे, हे कशावरून?"

"बरोबर शून्यावर वितळतो ना!"

"ते कुणी सांगितलं?"

"थर्मामीटरनं," म्हणता म्हणता पारेवाले अडखळले.

ताई खुदकन हसल्या. "पारेवाले, पोरीनं तुम्हाला घाण्याला जुंपलं की!"

"हेच शिकवतात का तिकडं? बापाला गोल गोल फिरवायला?"

"आपण कशावर उभे आहोत, ते विचारायला शिकवतात. बहुतेक वेळा जमीन पक्कीच निघते, बाबा. पण एकदा पाय आपटून बघायला काय हरकत आहे?"

पारेवाल्यांनी तिला हातानंच गप्प केलं, पण प्रश्न दातात अडकलेल्या धाग्यासारखा सुटेना. शेवटी त्यांनी कपाटातून आपला जुना, वीस वर्षं शून्याला शून्यच म्हणणारा थर्मामीटर काढला आणि बर्फात खोचला. थोड्या वेळानं भिंग लावून बघितलं. शून्याखाली तीन दशांश.

आता साक्षीदार तेरा झाले होते, आणि बर्फ एकटा.

"इथं काहीही तोंडात घालायचं नाही," असं प्रत्येक नव्या माणसाला दटावणाऱ्या पारेवाल्यांनी थर्मासात बोट बुडवलं आणि जिभेला लावलं.

खारट!

काल संध्याकाळी शून्याखालचे आकडे तपासायला याच थर्मासात त्यांनी बर्फात मीठ मिसळून तो शून्याखाली उतरवला होता. नंतर तो तीनदा धुवायचा, हा त्यांचाच नियम. पण मध्येच फोन आला, भांडण झालं, आणि मिठाचा ओला थर तळाशी तसाच राहिला.

त्यांनी थर्मास तीनदा धुतला आणि नवा बर्फ काढला. लेकीनं बाही सरसावून तो ठेचला. ताईंनी पुटपुटत खोक्याची दोरी सोडली. मग एकेक थर्मामीटर आत गेला. बाराही पारे शून्यावर येऊन थांबले, जुनाही.

"तुटलं का तुझं वर्तुळ?"

"तुटलं नाही, मोठं झालं," ती म्हणाली. "मघाशी सगळा भार एकट्या बर्फावर होता. आता बरेच जण एकमेकांना धरून उभे आहेत."

"प्रश्न तुझा होता, मान्य. पण उत्तर बर्फ ठेचूनच मिळालं, हे विसरायचं नाही."

"म्हणून तर दर शनिवारी ठेचायला येणार आहे. चालेल?"

पारेवाल्यांनी नोंदवही ओढून 'नापास'वर रेघ मारली आणि खाली स्वच्छ अक्षरात लिहिलं: 'चूक थर्मामीटरची नव्हती. थर्मास धुतला नव्हता. चूक माझी.' पेनला टोपण न लावताच त्यांनी लेकीपुढं हात केला.

"आण तो अर्ज. आणि डबा उघड, लाचेत काय आहे ते तरी बघू."